डर्मटचा मंगळवार

१ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून आपल्या दक्षिण गोलार्धात वसंत सुरू झाला म्हणे. ग्वेंडा नर्सने सकाळीच ही वही आणून पुढ्यात ठेवली. वरच्या चित्रात एक बाई पिवळ्या फुलांत हात पसरून हसते आहे. तिच्या अंगावर आयुष्यात कधी गायीचं शेण उडालेलं नाही हे एका नजरेत कळतं. आत सूचना आहेत. उठल्यावर लगेच घराबाहेर पडा. रोज चाला. हिरव्या भाज्या खा. ठरल्या वेळी झोपा. आणि दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी इथे लिहा.

मी तिला म्हटलं, "बाई, मी पंचेचाळीस वर्षं पहाटे साडेचारला घराबाहेर पडत होतो. पाऊस म्हटलं नाही, गारठा म्हटलं नाही. त्याने माणूस सुखी होत असता तर तुम्ही आज इथे कशाला आला असतात?"

"तेव्हा गायींसाठी पडत होता, क्लेम. आता स्वतःसाठी पडा."

स्वतःसाठी! शिसारी आली मला त्या शब्दाची. ही असली वाक्यं यांना कुठे शिकवतात कोण जाणे. मर्ल मात्र दारात उभी राहून मान डोलवत होती. बायको कुणाची आहे हेच कळेना.

तीन चांगल्या गोष्टी काही मला सापडल्या नाहीत. ज्याची ज्याची किळस आली ते लिहायचं ठरवलं आहे. त्याला ही वही पुरायची नाही. आजची किळस न्याहारीची. पालक, केळं आणि कसल्याशा फुगलेल्या बिया एकत्र घुसळून मर्लने पेला भरून दिला. बेडकांनी अंडी घातलेलं डबकं पाहिलं आहे का कुणी? तसं. प्यायलो. ती बघत उभी होती म्हणून प्यायलो.

३ सप्टेंबर, गुरुवार

उठलो नाही. मर्लने तीन वेळा हाक मारली. छताकडे बघत पडलो होतो.

५ सप्टेंबर, शनिवार

आज ओट्यावर बसलो. बाहेर बसलो म्हणजे बाहेर पडल्यासारखंच आहे, असं मर्लने फोनवर ग्वेंडाला सांगितलं. मी ऐकलं. लहान पोराने शी केली की आया एकमेकींना सांगतात, तसा आवाज.

ओट्यावरून काय दिसतं ते लिहून ठेवतो. एप्रिलमध्ये गायी विकल्या. सांधे गेले, दुधाला भाव नाही, मुलाला शहर सोडायचं नाही. ट्रक आले, गायी गेल्या. मग जमीनही विकली. हे घर आणि मागची चार झाडं तेवढी ठेवली. जमीन घेतली मेलबर्नच्या टॅम्सिन नावाच्या बाईने. माझ्या दूध काढायच्या शेडमध्ये तिने लाकडी फरशी घातली आहे. तिथे लोक गोल बसतात आणि श्वास घेतात. श्वास! जो फुकट घरी घेता येतो. आणि दोन म्हाताऱ्या जर्सी गायी आणून ठेवल्या आहेत, त्यांना मिठ्या मारायला. आज चकाकत्या तंग कपड्यांतल्या सहा बाया आणि एक टकल्या गायीच्या गळ्यात पडून रडत होते. गाय बिचारी रवंथ करत होती. माझ्या गायींच्या गळ्यात मी कधी पडलो नाही. त्यांनाही ते आवडलं नसतं.

८ सप्टेंबर, मंगळवार

ओढ्यापलीकडचा डर्मट आला. एकशेतीस गायी एकटा सांभाळतो. त्याची बायको नोलीन गेल्या वर्षी बहिणीकडे उत्तरेला गेली ती परत आली नाही. विचारलं तर "तिला ऊन हवं असतं" एवढंच सांगतो.

आला आणि मला विचारतो काय, तर दुधाच्या मशिनचा दाब कमी येतोय, काय करावं? मी बघतच राहिलो. मशिनचा दाब कसा बघायचा हे मला याच माणसाने तीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं. म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे ना, म्हाताऱ्या?"

"तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे मी. चल, ओढ्यापर्यंत येतोस का? चालता चालता सांग."

गेलो. त्याला सगळं सांगितलं. तो "अस्सं, अस्सं" करत राहिला. परत आल्यावर मर्लने चहा ठेवला तर त्याने अर्धा कप तसाच सोडला. पूर्वी केक संपेपर्यंत उठायचा नाही. एकेक माणूस म्हातारपणी बावळट होत चाललाय आणि त्यांना सहन करायला मी घरी मोकळा बसलोय.

१२ सप्टेंबर, शनिवार

कोल्हा आला होता. मर्लच्या दोन कोंबड्या नेल्या. बंदूक काढायला कपाट उघडलं तर कपाट रिकामं.

"डर्मटने नेली आहे," मर्ल म्हणाली. पाठमोरी उभी राहून, भांडी घासत.

"कशाला? त्याच्याकडे त्याची आहे की."

"त्याची बिघडली आहे."

डर्मटने जन्मात कुणाकडे साधा पाना उसना मागितलेला नाही. आणि मागायचं तर मला विचारायला तोंड नव्हतं का त्याला? घर माझं, बंदूक माझी, कोंबडी खाणारा कोल्हाही माझाच, आणि मला कुणी काही सांगत नाही. मर्ल तेच एक पातेलं बराच वेळ घासत होती.

१५ सप्टेंबर, मंगळवार

डर्मट पुन्हा हजर. आता म्हणे कुंपणाला कुठली तार चांगली. वैताग नुसता. शिवाय सोमवारी गुरांचा डॉक्टर रॉस आला होता, गाडीत पाणी घालायला. ज्याच्या स्वतःच्या घरी नळ आहे त्याने बारा मैल वाकडी वाट करून माझ्या नळावर यायचं! गुरुवारी वाचनालयातली बाई मी न मागितलेली पुस्तकं घेऊन येते. माझं घर आहे की धर्मशाळा?

डर्मटबरोबर रस्त्याने चाललो. मॅगपायने घरटं केलंय निलगिरीवर आणि ती पाखरं सध्या दिसेल त्याच्या डोक्यावर चोच मारायला येतात. म्हणून मर्लने आम्हा दोघांना आइस्क्रीमचे रिकामे डबे डोक्यावर घालायला लावले, मागच्या बाजूला काळे डोळे रंगवलेले, पाखरांना माणूस आपल्याकडे बघतोय असं वाटावं म्हणून. दोन बुढ्ढे, डोक्यावर व्हॅनिलाचे डबे. टॅम्सिनच्या बाया हात हलवून गेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वाटेत डर्मटने विचारलं, "साडेचारला अजून जाग येते?"

"येते."

"मग काय करतोस?"

"छत बघतो."

"वाईट वाटतं?"

"काहीच वाटत नाही. तेच वाईट."

"ते ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

त्याला काय ठाऊक? एकशेतीस गायी आहेत त्याच्याकडे. उठल्या उठल्या हात कामाला लागतात. लोकांना दुसऱ्याच्या दुःखात आपलं बोट बुडवून बघायची भारी हौस.

१९ सप्टेंबर, शनिवार

मेंढीच्या मांसाऐवजी मसूर. माणूस मसूर खाऊन जगतो कशासाठी हा प्रश्न मी मर्लला विचारला. "माझ्यासाठी," ती म्हणाली आणि आत गेली. रडली असावी. बाईमाणसाला मसुरावरून रडू येतं हे मला नवीनच.

२२ सप्टेंबर, मंगळवार

डर्मटबरोबर टेकडीपर्यंत गेलो. चढताना तोच थांबला, मी नाही. दाढी वाढली आहे त्याची, पट्ट्याला नवीन भोक पाडलंय. "तूही बेडकांचा रस प्यायला लागलास की काय?" म्हटलं. हसला नाही.

खाली सगळी हिरवळ नुसती तरारून आली होती. ऑक्टोबरात दूध मावणार नाही यंदा कुणाच्या टाकीत. मी तसं म्हटलं. डर्मट म्हणाला, "हो ना. आणि ते सगळं काढायला लागणार." कुणी शिक्षा ऐकवावी तसा बोलला.

काल रात्री सलग झोप लागली. मर्लने सकाळी हे ग्वेंडाला फोनवर कळवलं. माझ्या घोरण्याचीसुद्धा बातमी होते आता. किळसवाणी गोष्ट आहे.

२९ सप्टेंबर, मंगळवार

आज हद्द झाली. डर्मट त्याची कुत्री घेऊन आला. जिप. गायी वळणारी याहून चांगली कुत्री या खोऱ्यात नाही. तिला माझ्या ओट्याला बांधली आणि म्हणाला, "ठेव थोडे दिवस."

"ऐन दुधाच्या दिवसांत? गायी काय तू भुंकून आणणार?"

"तुझ्याशी जुळतं तिचं. तिला चालायला माणूस पाहिजे. मला वेळ होत नाही."

वर तिचं खाणं, तिचं ब्लँकेट, तिचं औषध, सगळं नीट पिशवीत भरून आणलं होतं. आज मशिनचा नाही, तारेचा नाही, काहीच प्रश्न विचारला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरा दिसतोस, क्लेम. खरंच." आणि गेला. चहाही नाही.

घरभर ओल्या कुत्र्याचा वास सुटलाय. संध्याकाळपासून दाराशी कुंकूं करते आहे. स्वतःला नको झालेली वस्तू माझ्या गळ्यात मारायची, आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं! इतक्या वर्षांची ओळख, पण हे मला बिलकूल आवडलं नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार

डर्मट आला नाही.

सकाळी दाढी केली. किटली दोनदा गरम केली. मर्ल म्हणाली, "त्याला काम असेल." मी म्हटलं, मला काय करायचंय, आला काय नि न आला काय. दुपारी फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला. "गडबडीत आहे," म्हणाला. बाकी काही नाही. त्यानेही ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मग मी ठेवला.

मी वाट बघत होतो, याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली. कुत्रीला घेऊन एकटाच टेकडीपर्यंत जाऊन आलो.

११ ऑक्टोबर, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो. मर्ल बाजूच्या खोलीत झोपली आहे, भर दुपारी.

काल सकाळी तिने मला टॅम्सिनच्या टोळीत ढकललं. दर शनिवारी ती बाई लोकांना दवातून अनवाणी चालवते. शेजाऱ्यांना खास आमंत्रण होतं. मी साफ नाही म्हटलं होतं. मग मर्लने माझ्याकडे बघितलं. या दिवसांत ती बघते तशी. गेलो.

बूट काढले. माझे पाय गेली साठ वर्षं दिवसाउजेडी कुणी पाहिले नव्हते. दव बर्फासारखं गार. पुढे तो टकल्या "अहाहा" करत चालला होता. मी ज्या रानात मेलेली वासरं ओढली, त्या रानात हे लोक अहाहा करत होते. मग टॅम्सिनने सगळ्यांना गोल उभं केलं.

"डोळे मिटा. जो आवाज येईल तो येऊ द्या. नाव देऊ नका. नुसता जाऊ द्या."

मिटले. लवकर संपेल म्हणून मिटले. पाखरं, वारा, कुणाचं तरी पोट गुरगुरलं. आणि ओढ्यापलीकडून गायींचं हंबरणं.

"किती सुंदर," एक बाई पुटपुटली.

मी डोळे उघडले. आठ वाजून गेले होते. सकाळी आठ वाजता एवढ्या गायी एका जागी उभ्या राहून हंबरत नाहीत. पहाटेचं दूध झालेलं असतं, गायी रानात पांगून चरत असतात. हे हंबरणं कास तटतटून दुखायला लागल्याचं होतं. डर्मटने दूध काढलेलं नव्हतं. चाळीस वर्षांत त्याने एक वेळ चुकवलेली नाही. नोलीन गेली त्या दिवशीही नाही.

मग डोक्यात एकदम लख्ख झालं. कुत्री माझ्याकडे. बंदूक त्याच्याकडे.

पळालो. मला पळता येतं हे मलाच माहीत नव्हतं. मागून टॅम्सिन ओरडली, "क्लेम, काय झालं?" मी ओरडलो, "मर्लला फोन कर! ग्वेंडाला घेऊन डर्मटकडे ये म्हणावं!" काटेरी रोपांतून गेलो, ओढा तुडवला, कुंपणावर सदरा फाटला. छाती भात्यासारखी झाली होती. एकच गोष्ट डोक्यात. आवाज होईल. आता आवाज होईल आणि मी अजून या चढावरच आहे.

अंगणात त्याची गाडी, दार सताड उघडं. सीटवर माझी बंदूक. गाडीत माणूस नाही. दार बंद करून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. गायी वाड्यात दाटीवाटीने उभ्या, काहींच्या सडांतून दूध आपोआप ठिबकत होतं. त्यांच्यातून वाट काढत आत गेलो.

डर्मट मशिनच्या खड्ड्यात, जिथे उभं राहून सडांना कप लावतात तिथे, पालथ्या बादलीवर बसला होता. जिवंत. पायात रबरी बूट, पुढे एप्रन बांधलेला.

"पाय बघ तुझे," तो म्हणाला.

खाली बघितलं. घोट्यापर्यंत शेण, त्यात रक्त.

"माझे पाय राहू देत. केव्हापासून उभ्या आहेत त्या?"

"पहाटेपासून. इथवर आणल्या मी. मग हात उचलेना."

असल्या वेळी काय बोलायचं हे ग्वेंडाच्या वहीत कुठेच दिलेलं नाही. मला जे येत होतं ते बोललो. "गाढवा, निम्म्या गायींची कास सुजून दगडी होईल ना! कास बघितलीस का त्यांची?"

"म्हणून तर बसून आहे इथे. त्यांना अशा टाकून जाववेना. आणि दूधही काढवेना."

मी त्याच्याशेजारी खड्ड्यात उतरलो आणि मशिन सुरू केलं. पहिल्या गायी आत घेतल्या. सड धुतले, कप लावले. सहा महिन्यांनी हात लावला होता, पण हातांना विचारावं लागलं नाही. तो बादलीवरून बघत राहिला. टॅम्सिन मागून अनवाणीच धावत आली होती, तिला मी गायी आत सोडायला लावलं. तिने सोडल्या. शेपटीचा एक फटकारा तोंडावर बसला तरी बाई हलली नाही.

चौथी की पाचवी रांग चालू असताना डर्मट म्हणाला, "आज शनिवार. आज माझा वार नाही."

"कसला वार?"

"मंगळवार माझा होता. तुझ्याकडे यायचा. सोमवार रॉसचा, बुधवार ग्वेंडाचा. मर्लने वाटून दिले होते."

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. ते मशिनचे प्रश्न, ती तार, तो नळ! सगळ्या खोऱ्याला ठाऊक, आणि मी एकटा ओट्यावर बसून त्यांच्या अकला काढतोय. "माझ्यावर राखण बसवली होती तुम्ही? लहान पोर आहे मी?"

"लहान पोर बरं. त्याला बंदूक लागत नाही."

"ती तुझ्याकडे कशी आली?"

"मर्लने आणून दिली. म्हणाली, तुझ्याकडे सुरक्षित राहील." आणि तो हसला. ते हसणं मला पुन्हा ऐकायचं नाही.

मी एका गायीचे कप काढले, दुसरीला लावले. मग विचारलं, "गेल्या मंगळवारी का आला नाहीस?"

"तू बरा दिसायला लागलास. मर्ल म्हणाली, आता दर आठवड्याला आलं नाही तरी चालेल, तुझी स्वतःची कामं बघ." मग म्हणाला, "मी मंगळवारपर्यंत ओढत होतो, क्लेम. क्लेमकडे जायचंय, तेवढं करू. मग पुढच्या मंगळवारपर्यंत. मग जायचंच नव्हतं."

मी टेकडी चढत होतो, मसूर खात होतो, घोरत होतो, आणि तिकडे माझ्या बरं होण्याने याचा हात सुटत होता. मला स्वतःची एवढी किळस आधी कधी आली नव्हती. या माणसाचा पट्टा मी बघितला, दाढी बघितली, कुत्री दारात बांधून घेतली, आणि सगळ्यावर नाक मुरडून लिहून ठेवलं.

सगळ्या गायी होईपर्यंत तो बादलीवरून उठला नाही. शेवटच्या रांगेला उठला आणि एका पहिलारू गायीला स्वतः कप लावले. ती लाथा मारते, म्हणाला, नव्या माणसाला.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

डर्मटला ग्वेंडाने शनिवारीच, दूध संपल्यावर, इस्पितळात नेलं. थोडे दिवस ठेवतील. तो मुकाट गेला. दोन्ही बंदुका मी पोलीस ठाण्यात जमा करून आलो. तिथल्या पोराने कारण विचारलं. म्हटलं, कोल्हे संपले.

त्याच्या गायींचं दूध मी आणि रॉसचा भाऊ मिळून काढतो. पहाटे साडेचारला निघतो. अंधारात, गारठ्यात, पायात डर्मटचे बूट. त्यांचा वास काय वर्णावा.

मर्ल आज स्वयंपाकघरात मोडून पडली. "त्याच्या हातात दिली रे मी. या हातांनी दिली. तुला वाचवायला गेले आणि सगळ्यात भक्कम दिसला त्याच्या दारात जाऊन ठेवली."

मी म्हटलं, "या भागात सगळे असंच करतात. जो बोलत नाही तो भक्कम."

"तू तरी कुठे बोलतोस?"

तिचे हात धरून बसलो. साबणाने भेगाळलेत. मला मेल्याला एवढे दिवस वाटत होतं, ती पातेलं घासते आहे.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

टॅम्सिन संध्याकाळच्या दुधाला येते. सड धुवायला शिकली. तिने आणलेलं बियांचं बिस्कीट खाल्लं. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. तिला तसं सांगितलंही. "मलाही आवडत नाही," म्हणाली.

१८ ऑक्टोबर, रविवार

आज माझी पाळी नव्हती. रॉसचा भाऊ एकटाच गेला. मला साडेचारला जाग आली आणि मी नऊपर्यंत छताकडे बघत पडून राहिलो. मर्लला सांगितलं पाय दुखतात.

२० ऑक्टोबर, मंगळवार

डर्मट काल घरी आला. आज दूध संपत आलं तेव्हा वाड्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, हातात चहाचे दोन कप. औषधांनी चेहरा सुजल्यासारखा दिसतो. मी सगळा शेणाने माखलेलो.

"आज तुझा वार आहे तर," तो म्हणाला.

"माझा आहे. उद्या ग्वेंडा, परवा टॅम्सिन येणार तुझ्या डोक्यावर बसायला. तोंडाला येईल ते बोल त्यांना, पण दार उघड."

"शिसारी येते रे या सगळ्याची. सगळे माझ्याकडे असे बघतात, जशी काही मी फुटकी बरणी आहे."

"येते. मला विचार."

त्याने एक कप पुढे केला. मी हात धुतले. कुंपणाला टेकून दोघं प्यायलो. त्याने आपला पूर्ण संपवला. मग म्हणाला, "तू तरी सुटलास त्यातून."

मला हो म्हणता आलं असतं. तेच सोपं होतं, मर्लशी मी तेच करतो आहे. पण हा माणूस माझ्या बरं दिसण्याने एकदा कडेपर्यंत जाऊन आलाय.

"नाही सुटलो," मी म्हटलं. "परवा रविवारी तुझ्या गायी नव्हत्या, तर नऊपर्यंत उठता आलं नाही मला. मर्लला थाप मारली. तुझ्या गायी उठवतात म्हणून उठतो, डर्मट. मी बरा नाहीये अजून."

हे मोठ्याने मी कुणाला पहिल्यांदाच सांगितलं. शेवटच्या गायी आमच्या अंगावरून घासत बाहेर गेल्या.

"मग रविवारी कोण येतं तुझ्याकडे?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. रविवार कुणालाच दिलेला नाही."

"मी येतो," डर्मट म्हणाला. "सकाळी. नऊच्या आत."